घरातली अहिंसा नकाशावर ठरते



दिवाळी झाली की आपल्याकडे घर बांधणाऱ्यांची आणि जुनं घर नवं करणाऱ्यांची लगबग सुरू होते. मग फोन येतात. फरशी कुठली घेऊ, कट्ट्याला काळा ग्रॅनाइट चांगला की हिरवा, देवघराला संगमरवर लावू का, हॉलचं छत पीओपीचं करू का. सगळे प्रश्न रास्त आहेत. पण एक प्रश्न कुणीच विचारत नाही. या घरात मुंग्या, झुरळं, डास, वाळवी कुठून येतील, आणि आल्यावर आपण काय करणार?

वास्तुशांतीला शांतिविधान होतं, मंडळ मांडलं जातं, दोनशे पानं उठतात. आणि वर्षाच्या आत त्याच घरात पेस्ट कंट्रोलवाला पाठीवर पंप घेऊन फिरतो. वर्षाचा करार, तीन महिन्यांनी एक फवारणी. मंदिरात जाताना पायाखाली किडा येऊ नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या आपण त्या दिवशी मुलांना घेऊन माहेरी जातो आणि संध्याकाळी परत येऊन फरशी पुसून घेतो. पुसताना काय गोळा होतं ते आपल्याला ठाऊक असतं. त्याबद्दल बोलत मात्र कुणी नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. घरातली अहिंसा नकाशावर आणि पायाभरणीत ठरते. घर उभं राहिल्यावर आपल्या हातात फार थोडं उरतं.

शास्त्राने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. घर बांधणं, स्वयंपाक करणं, झाडलोट करणं यात होणारी ती आरंभी. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, म्हणून ती यत्नाचाराने, जपून, कमीत कमी करायची. संकल्पी हिंसा, म्हणजे मारायचं ठरवून मारणं, ही मात्र श्रावकाने सोडायचीच आहे. पाया खणताना जीव जातात ती आरंभी हिंसा झाली. औषधाची बाटली विकत आणून कोपऱ्यात मारणं हे कुठल्या खान्यात बसतं, ते आपलं आपणच ठरवावं.

"अहो काकू, घर म्हटलं की किडे येणारच," असं मला हमखास ऐकवलं जातं. येणारच, मान्य. पण ते उगाच येत नाहीत. त्यांना ओल हवी, अन्न हवं आणि लपायला अंधारी फट हवी. घर बांधताना या तीन गोष्टी कमी ठेवल्या तर पुढे मारण्याचा प्रश्नच फारसा उभा राहत नाही. आता एकेक बघू.

पाया आणि वाळवी

खोदकाम पावसाळ्यात काढू नका. चातुर्मासात मुनिमहाराज विहार थांबवतात, कारण पावसात जमिनीवर आणि जमिनीत जीवांची उत्पत्ती सगळ्यात जास्त असते. गवंड्याचं कारण वेगळं आहे, खड्ड्यात पाणी भरतं आणि कडा ढासळतात. दोघांचं उत्तर एकच. दिवाळीनंतर खणा, म्हणजे छप्पर पुढच्या पावसाच्या आत होतं.

आता खरा अवघड विषय. जोतं भरताना ठेकेदार वाळवीचं औषध मारतो. बहुतेक वेळा विचारतही नाही, अंदाजपत्रकात एक ओळ असते आणि आपण सही करतो. ती ओळ शोधा. आपल्या घराच्या पायात विष घालायचं की नाही हे ठेकेदाराने परस्पर ठरवू नये.

"एकदाच मारलं तर पुढची मोठी हिंसा टळते," असं इंजिनियर सांगतात. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण जी वाळवी अजून आपल्या वाटेला गेलेली नाही तिला आधीच मारणं मला पटत नाही. शिवाय औषधाचा असर कायमचा राहत नाही. आणि आपल्याच आवारात विहीर किंवा बोअर असेल, तर ज्या पाण्यात आपण जिवाणी सोडतो त्याच्या शेजारच्या मातीत विष कालवायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

औषधाशिवाय करण्यासारखं बरंच आहे. वाळवीला ओल आणि लाकूड लागतं. सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, झाडांची मुळं, सिमेंटच्या कागदी पिशव्या हे सगळं जोत्यात गाडून वर भराव टाकायची कामगारांची सवय असते. हे वाळवीला ताट वाढून ठेवण्यासारखं आहे. भराव टाकायच्या दिवशी स्वतः उभं राहून हे सगळं वेचून काढायला लावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि त्या भेगा फरशीपर्यंत येतात. म्हणून भराव मुरमाचा, थराथराने, पाणी मारून ठोकलेला हवा. जोतं जमिनीपासून निदान १८ इंच उंच असावं. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या भागात २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्यांना त्याहून उंच का, हे सांगायला नको. जोत्यावर ओल अडवणारा थर, ज्याला डीपीसी म्हणतात, तो घातल्याशिवाय वीट चढू देऊ नका.

तळमजल्याच्या चौकटी लाकडाच्या नकोत. ग्रॅनाइटच्या किंवा लोखंडी चौकटी आता गावोगाव मिळतात. सागवान हवंच असेल तर ते दाराच्या फळीत वापरा, जमिनीला टेकणाऱ्या चौकटीत नको. घराभोवती जोत्याला लागून माती, फुलझाडांचे वाफे, रचलेल्या विटा असं काही नको. दोन फूट जागा मोकळी ठेवली की मातीची बारीक नळी वर चढू लागताच नजरेला पडते. तेवढ्यात ओल कुठून येते ते शोधून ती बंद करता येते.

पाणी मारणं आणि डास

स्लॅबला पाणी पाहिजेच, आठ-दहा दिवस तरी तो ओला राहिला पाहिजे. त्यासाठी वर मातीचे आळे करून पाणी तुंबवून ठेवतात. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे पाणी सोडून द्यायच्या वेळेला त्यात वळवळणाऱ्या अळ्या असतात, आणि त्या उन्हात वाळतात. त्याऐवजी गोणपाट अंथरून ते दिवसातून तीन-चार वेळा भिजवायला सांगा. पाणी कमी लागतं, तुंबत नाही आणि स्लॅबही नीट पिकतो. कामगार कुरकुरतील, कारण पुन्हा पुन्हा वर जावं लागतं. मजुरीत थोडी भर घालून ते ठरवून टाका. बांधकामाचा हौद पहिल्या दिवसापासून झाकलेला असावा.

मोरी, संडास, गच्ची

पाणी जिथे थांबतं तिथे जीव होतात, म्हणून उताराकडे लक्ष द्या. बाथरूममध्ये तीन फुटांना अर्धा इंच आणि गच्चीला दहा फुटांना सव्वा इंच उतार पुरतो. फरशी बसली की बादलीभर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी बघा. कुठे डबकं राहिलं असेल तर सिमेंट ताजं असतानाच दुरुस्त करून घ्या. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्याआधी, बाथरूमचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहा. पेस्ट कंट्रोलची निम्मी गरज गळक्या भिंतीतून जन्माला येते.

नहाणी ट्रॅपमध्ये नेहमी थोडं पाणी साठलेलं असतं. ते गटारातली झुरळं आणि वास दोन्ही अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर बंद राहिलं की ते पाणी वाळतं आणि वाट मोकळी होते. म्हणून आठवड्याला तिथे एक तांब्या पाणी ओतायची सवय ठेवा. बाथरूम मुळात किती करायची याचाही विचार करा. माणसं चार आणि बाथरूम पाच, अशी घरं मी बघते तेव्हा मला त्या पाच कोरड्या ट्रॅपची आठवण येते.

टाकीचं झाकण घट्ट हवं आणि तिच्या ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी हवी. गच्चीवरचं पावसाचं पाणी वाया घालवू नका. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर १ इंच पाऊस पडला तर सुमारे २३६० लिटर पाणी होतं. ते बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात गाळून सोडा. आणि प्लॉटमध्ये जुनी विहीर असेल तर ती बुजवू नका. पार्किंगसाठी विहीर बुजवणारे पुढे जिवाणी कुठे सोडायची म्हणून विचारत येतात. कठडा बांधा, जाळी बसवा, आणि कडीची बादली अलगद पाण्यापर्यंत सोडता येईल एवढी झडप ठेवा.

स्वयंपाकघर

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात जास्त झुरळंही इथेच होतात. प्लायवूडची बंद कपाटं, मागे भिंतीपर्यंत अर्ध्या इंचाची फट, आत सिंकचा पाइप, त्यावर थेंब थेंब ओल. झुरळाला स्वतःला घर बांधायला सांगितलं असतं तर त्याने असंच बांधलं असतं.

त्यापेक्षा कट्ट्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या ट्रॉल्या बऱ्या. सिंकखालची जागा उघडी ठेवा, तिथे दार लावू नका. पाइप भिंतीत जिथे शिरतो तिथलं भोक सिमेंटने बुजवा. नुसती प्लॅस्टिकची चकती लावून झाकू देऊ नका. कट्टा आणि भिंत यांच्या सांध्यात पाणी जाणार नाही अशी पट्टी भरून घ्या. कट्ट्याची उंची रोज काम करणारीच्या मापाने ठरवा. कोपर वाकवून उभं राहायचं आणि कोपराच्या खाली चार ते सहा इंचांवर कट्टा आला पाहिजे. कंबर आपली असते, इंजिनियरची नसते.

पाणी गाळायचा नळ वेगळा आणि जरा उंच घ्या, खाली हंडा मावला पाहिजे. नळाचं तोंड गोल आणि साधं हवं, म्हणजे दुहेरी गाळणं बांधता येतं. हल्लीच्या चपट्या, रुंद तोंडाच्या नळांवर फडकं टिकत नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. गाळायची सोय हाताशी नसली तर ही मर्यादा कुणी पाळत नाही. जो नियम पाळायला घरात जागा नसते तो एका पिढीत विसरला जातो.

उजेड

रात्रिभोजनत्याग आपण संयमाचा नियम म्हणून पाळतो, पण त्याला घराची साथ लागते. आपल्या भागात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. स्वयंपाकघर अंधारं असेल तर साडेचारलाच दिवा लावावा लागतो, आणि दिव्याभोवती किडे जमू लागले की दिवसा जेवण्याचा हेतूच निम्मा जातो. नकाशा बघताना एवढंच विचारा: थंडीत संध्याकाळी पाच वाजता या कट्ट्यावर तांदूळ निवडता येतील का? नसतील तर खिडकी मोठी करा किंवा जागा बदला.

प्रत्येक खिडकीला बारीक जाळी हवी, आणि ती काढून धुता आली पाहिजे. पांढऱ्या दिव्यापेक्षा पिवळसर एलईडीकडे किडे कमी येतात, म्हणून दाराजवळ आणि व्हरांड्यात पिवळसर दिवे लावा. बाहेरचा मुख्य दिवा दाराच्या डोक्यावर न घेता फाटकाजवळ घ्या, म्हणजे किडे तिकडेच राहतात.

फरशीबद्दल माझा एकच निकष आहे, तिच्यावर मुंगी दिसली पाहिजे. ठिपक्यांची काळी फरशी मळ लपवते म्हणून घेतात. ती मुंग्याही लपवते. खाली बघून चालायचं तर खाली काही दिसलं पाहिजे. फिकट, साधी, खरखरीत फरशी घ्या. पाय घसरत नाही हा सासूबाईंसाठी वरचा फायदा.

चौक्याची जागा

ज्या घरांतून मुनिमहाराजांना आहार दिला जातो त्यांनी याचा विचार आधीच करावा. पडगाहन दारात होतं, मग पादप्रक्षालन, मग महाराज उभ्यानेच हातात आहार घेतात आणि भोवती देणारी माणसं असतात. म्हणजे दारापासून चौक्यापर्यंत सरळ, उजेडाची वाट हवी. वाटेत उंबरे-पायऱ्या कमी हव्यात, आणि सात-आठ माणसं उभी राहतील एवढी मोकळी जागा हवी. सध्या जेवणाचं मोठं टेबल मध्यात ठोकून बसवतात आणि चातुर्मासात शेजारणीचं घर मागतात. टेबल हलवता येईल असं ठेवलं की प्रश्न मिटतो.

हिशेब

आता पैशाचं. वाणिज्य शाखेत शिकले, म्हणून आकड्यांशिवाय मला करमत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यात पहिली जोडी क्षेत्र आणि वास्तूची आहे. माणूस ठरवलेली मर्यादा सगळ्यात आधी जमीन आणि घर यांतच ओलांडतो, असं मला त्यावरून वाटतं. म्हणून नकाशा काढण्याआधी घरातल्यांनी बसून दोन आकडे वहीत लिहावेत: किती चौरस फूट आणि किती रुपये. इंजिनियरला आकडे सांगायचे, त्याला विचारायचे नाहीत. ४० लाख ठरले तर ४ लाख बाजूला ठेवून ३६ लाखांचाच नकाशा काढून घ्या. ते ४ लाख जाणारच असतात.

खर्चाचा क्रम असा ठेवा: भिंतीच्या आतलं आधी, भिंतीवरचं नंतर. जोतं, ओलीचा थर, पाइप, वायरिंग, उतार, जाळ्या यात काटकसर नको, कारण ते पुन्हा उघडता येत नाही. रंग, पडदे, झुंबर दोन वर्षांनी आणलं तरी चालतं. आणि पीओपीचं छत तर वगळलंच तरी बिघडत नाही. वरची ती अंधारी पोकळी पाली, झुरळं आणि उंदरांसाठीच राहते, वर झाडू पोचत नाही. माळ्यांचंही तेच. जितके माळे तितकं जुनं सामान, आणि जितकं सामान तितकी लपायला जागा. परिग्रह कमी असला की झाडूसुद्धा जपून मारता येतो.

ठेकेदाराला पैसे तारखेवर देऊ नका, कामाच्या टप्प्यावर द्या: जोतं झालं, स्लॅब झाला, गिलावा झाला, असं. दर चौरस फुटात काय काय धरलं आहे ते लिहून घ्या. खिडकीच्या जाळ्या आणि वॉटरप्रूफिंग हमखास 'वेगळं' निघतं. शेवटच्या बिलातले ५ टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचे, असं करारातच घाला. २० लाखांच्या बिलात ते १ लाख होतात. पहिल्या पावसात गच्ची गळली तर तो माणूस फोन उचलतो.

फ्लॅट असेल तर

फ्लॅटमध्ये पाया आपला नसतो, पण फटी आपल्या असतात. नूतनीकरण काढलंच आहे तर सगळ्या पाइपांची, एसीची, केबलची भोकं बुजवून घ्या. सरकत्या खिडक्यांच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोकं मोकळी आणि जाळीबंद करा. सिंकखालचं कपाट काढून टाका. जुनं फर्निचर फोडायच्या आधी दोन दिवस ते उघडं, रिकामं आणि उजेडात ठेवा. आतले जीव आपणहून निघून जातात आणि हातोडीखाली कमी येतात. सोसायटीची सामुदायिक फवारणी असेल तर सभेत आधी गळती दुरुस्त करण्याचा ठराव मांडा. फवारणीवर दर वर्षी जाणारा पैसा एकदाच प्लंबरला द्या म्हटलं, तर जैन नसलेल्या शेजाऱ्यांनाही ते पटतं.

शेवटचं सांगते. नकाशावर चर्चा होते तेव्हा इंजिनियर, ठेकेदार आणि घरातले पुरुष बसलेले असतात, आणि आपण चहा देऊन आत जातो. नंतर त्या घरात पाणी गाळणाऱ्या आपण, चूल पेटवण्याआधी ती झाडून बघणाऱ्या आपण, आणि झुरळ दिसलं की "औषध मारून घे" हे ऐकणाऱ्याही आपणच. पाप कुणाच्या नावावर लिहायचं यावर मी भांडणार नाही. पण निर्णय आपल्याशिवाय होऊ नये. चहा ठेवा आणि खुर्ची ओढून बसा. हा लेख छापून सोबत न्या, आणि इंजिनियरला पहिला प्रश्न विचारा: या घरात पाणी कुठे कुठे थांबणार आहे?

त्याला उत्तर देता आलं नाही तर नकाशा पुन्हा काढायला सांगा. कागदावर रेघ पुसायला काहीच लागत नाही.

जय जिनेंद्र.